कासवाएवढा देव

अद्भुतकथेतील एखाद्या पात्रासाठी विनोदी दैवत निर्माण करणे वरवर सोपे वाटते. विचित्र नाव, विक्षिप्त नैवेद्य, चारदोन हास्यास्पद विधिनिषेध, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. असे दैवत पात्राच्या गळ्यातील ताइतासारखे लोंबत राहते. कथा त्याच्यावाचून अडत नाही. टेरी प्रॅचेट यांच्या 'स्मॉल गॉड्स' (१९९२) या कादंबरीतून ओम हा देव काढून टाकला, तर मात्र ब्रूथा हे पात्रच उरत नाही.

येथील सारा विनोद एका नियमावर उभा आहे: देवाचे सामर्थ्य भक्तांच्या श्रद्धेइतकेच. हा नियम प्रॅचेट कमालीच्या गांभीर्याने पाळतात. ओम बैलाच्या रूपाने अवतरू पाहतो. होतो मात्र कासव. ओम्निया हे अवघे राष्ट्र त्याच्या नावाने चालते. मंदिरे, धर्मपीठ, पाखंड्यांचा छळ करणारी यंत्रणा, सारे जागच्या जागी आहे. पण खरा विश्वास ठेवणारा एकच, मठाच्या बागेत राबणारा निरक्षर ब्रूथा. इतरांची श्रद्धा देवावरून सरकून धर्मसंस्थेच्या धाकावर स्थिरावली आहे, आणि हा पालट खुद्द देवाच्याही ध्यानात आलेला नाही. येथे हसू येते ते श्रद्धेचे नव्हे. तिच्या जागी येऊन बसलेल्या भयाचे.

ब्रूथाची स्मरणशक्ती अचाट. प्रेषितांचे ग्रंथ त्याला मुखोद्गत आहेत. तो एकेक आज्ञा म्हणून दाखवतो, आणि आपण असे काही सांगितल्याचे देवाला आठवतच नाही! या एका विरोधातून पात्र, दैवत आणि धर्म ही तिन्ही एकदमच सिद्ध होतात. (जग गोल आहे असा धर्मपीठाचा आग्रह आणि ते कासवाच्या पाठीवर आहे म्हणणारे पाखंडी, ही गॅलिलिओ-प्रकरणाची उलटापालट गमतीची खरी, पण ती चातुर्याच्या पातळीवरच राहते.)

मराठी वाचकाला हा देव अगदीच परका वाटू नये. कासव त्याने देवळात पाहिलेले असते, देवासमोर, दगडाचे. देवाशी भांडणारे संतही त्याच्या ओळखीचे. पुंडलिकासाठी देव विटेवर तिष्ठतो, जनाबाईबरोबर दळू लागतो. मात्र तेथे देवाचे लहान होणे प्रेमापोटी आहे, ओमचे नाइलाजापोटी. उपाशी माणसाने अन्नदात्याला जपावे तसा तो ब्रूथाला जपतो, आणि वर त्याच्यावरच खेकसतो.

या स्वार्थातून आस्था कशी उगवते, हा कादंबरीचा खरा विषय. अखेरीस तापत्या लोखंडी कासवावर जखडलेल्या ब्रूथाला वाचवण्यासाठी ओम एका गरुडाला वेठीस धरतो आणि आकाशातून व्होर्बिस या क्रूर धर्माधिकाऱ्याच्या मस्तकावर आदळतो. एस्किलसच्या मृत्यूची आख्यायिका येथे आठवतेच. जमलेल्या हजारोंची श्रद्धा त्याच क्षणी देवाकडे परतते. तिच्याबरोबर त्याचा जुना दरारा आणि संतापही परततो. तेव्हा त्याला अडवून ब्रूथा नव्या आज्ञांवरून त्याच्याशी चक्क घासाघीस करू लागतो.