नंबर

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी माझी पक्की समजूत होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. गल्लीत टँकर यायचा म्हणून आम्ही पहाटेच घागरी मांडून नंबर धरत असू. शेवटी आईने मला गोदाकाठी, नांदेडच्या मावशीकडे धाडले. म्हणूनच २०२१ साली टोकियो ऑलिंपिकचे ते हिरवेगार मैदान टीव्हीवर पाहताना प्रथम रागच आला. गवतासाठी एवढे पाणी!

पण त्या हिरवळीवर पुण्याचा उदयन माने खेळत होता. देशातल्या कितीतरी व्यावसायिक स्पर्धा जिंकूनही त्याचे नाव राखीव यादीत होते. ऑलिंपिक अगदी तोंडावर आले असता अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि मानेचा नंबर लागला.

माझा दादा तेव्हा भरतीच्या प्रतीक्षा यादीत होता. तो एकटक पाहत म्हणाला, "याने सराव सोडला नसणार. नाहीतर आयत्या वेळी उभा राहिला असता का?"

दादाचा नंबर लागला नाही. पाण्याचा माझा रागही पुरता गेलेला नाही. पण अजून रोज पहाटे दादाच्या धावण्याचा आवाज गल्लीत ऐकू येतो, आणि मी पांघरूण बाजूला सारून अभ्यासाला बसतो.