घरांतलें चित्रगृह

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत, आणि रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे हीं अकरा माणसें अकरा कोपऱ्यांत पांगतात. पूर्वीं असें नव्हतें, हें सांगण्याचा मोह आम्ही आवरतों. कारण पूर्वीं घरांत एकच रेडिओ होता आणि पांगावयास जागाहि नव्हती. आतां प्रत्येकाच्या हातांत स्वतःचा चिमुकला पडदा आहे. गेल्या दिवाळींत धाकट्या बंधूंनीं प्रस्ताव मांडला कीं, मागील अंगणाकडील कोठीची खोली मोकळी करून तेथें घरचेंच एक चित्रगृह करावें. खर्चाची मर्यादा नव्वद हजार रुपये ठरली. ती आम्हीं ठरविली नाहीं. हिशेबाची वही ज्यांच्या हातीं असते त्या थोरल्या वहिनींनीं ठरविली, आणि त्यांच्या निकालावर आमच्या घरीं अपील चालत नाहीं.

हिंगण्यास राहणाऱ्या कुटुंबाला चित्रपट पाहणें ही एक लहानशी यात्राच असते. रिक्षानें लोकमान्यनगर गांठावें, तेथून मेट्रोनें सीताबर्डीस उतरावें. ही सोय जानेवारी २०२० पासून झाली हें खरें, परंतु आईचे गुडघे त्या साली नव्हे, त्यापूर्वींच संपावर गेले होते. आई घरीं राहणार म्हणजे तिच्या सोबतीला कोणी तरी राहणार. याप्रमाणें सर्व मंडळींनीं एकत्र बसून चित्रपट पाहिल्याला किती वर्षें झालीं, हें कोणालाच आठवेना.

खोली बारा फूट रुंद, अठरा फूट लांब आणि दहा फूट उंच. तींतून धान्याच्या कोठ्या, तुटकी शिवणयंत्रें आणि जुन्या गाद्यागोधड्यांचे ढीग बाहेर काढले, तेव्हां भिंती प्रथमच दिसल्या. मग आम्हीं जें सर्वजण करतात तेंच केलें: आधीं चित्राचा विचार केला. एका दुकानदारानें खोक्यावर हजारों ल्युमेनचा आंकडा छापलेला प्रोजेक्टर आमच्या गळ्यांत बांधला. भर दुपारीं लावून पाहिला तर पडद्यावर धुकें पडल्यासारखें दिसलें. तो परत करतांना तीन हजार रुपये बुडाले आणि त्या मोबदल्यांत थोडें शहाणपण मिळालें. तें वाचकांस फुकट देतों. शंभर इंच कर्णाचा पडदा सुमारें सत्याऐंशी इंच रुंद व एकोणपन्नास इंच उंच असतो. म्हणजे क्षेत्रफळ तीस चौरस फुटांच्या आंतच. चित्रगृहांत दर चौरस फुटास सोळा ल्युमेन प्रकाश पुरेसा मानतात. त्या हिशेबानें पांचशें ल्युमेनमध्यें आपलें काम भागावें. मात्र ते अन्सी पद्धतीनें मोजलेले खरे ल्युमेन हवेत, आणि खोलींत काळोख हवा. उजेड विकत घेण्यापेक्षां काळोख करणें फार स्वस्त! इतवारीहून काळें जाड कापड आणून खिडक्या झांकल्या, पांढरें छत गडद करड्या रंगानें रंगविलें (पांढरें छत चित्राचाच उजेड चित्रावर परत फेंकतें व काळ्याचा करडा करून टाकतें), आणि पडद्याऐवजीं गिलावा घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीलाच चकाकी नसलेला पांढरा रंग देऊन कडेनें काळ्या मखमलीची पट्टी लावली. नवा प्रोजेक्टर शेहेचाळीस हजारांस आला.

पडद्याच्या आकाराविषयीं मुलांत व आमच्यांत थोडी चकमक झाली. मुलांच्या क्रिकेटचें चित्र लांबट. पण जुने बोलपट जवळजवळ चौकोनी. शंभर इंची पडद्यावर त्यांची रुंदी पांसष्ट इंचच भरते व दोन्हीं अंगांस काळ्या पट्ट्या राहतात. त्यामुळें ज्या घरांत जुने चित्रपट पाहावयाचे तेथें रुंदीपेक्षां उंचीकडे लक्ष द्यावें, एवढें आमचें मत आहे. तें मुलांना पटलेलें नाहीं.

जानेवारींत पहिला खेळ लागला. निवड आईची होती: प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम', दामले-फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीसांचा, १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेलेला. आईनें तो लहानपणीं गांवच्या तंबूंत पाहिला होता. अकराच्या अकरा माणसें बसलीं. चित्र उत्तम उमटलें. पाव तास झाला आणि आई उठली. "छान आहे रे, तुम्ही पाहा. मला देवघरांत वाती करावयाच्या आहेत."

रात्रीं साडेनऊ वाजतां कोणी वाती करीत नाहीं, हें आम्हांस कळावयास पाहिजे होतें. कळलें तें नातीला. दुसऱ्या दिवशीं तिनें आजीला सरळ विचारलें, आणि आजी म्हणाली, "चित्र दिसलें ग. पण बोलणें विहिरींतून यावें तसें आलें. एक शब्द संपत नाहीं तों दुसरा त्याच्यावर." मग एकेक गोष्ट उलगडत गेली. बाहेरच्या खोलींत दूरदर्शन लागलें कीं आई उठून जाते तें थकव्यामुळें नव्हे. सणावारीं सगळीं बोलत असतां ती नुसती हंसते, तें समाधानानें नव्हे. दोन वर्षें आम्ही तिच्या शांत स्वभावाचें कौतुक करीत होतों!

कानाचें यंत्र आईजवळ आहे. परंतु तें यंत्र जसें बोलणें मोठें करतें तसाच घुमाराहि मोठा करतें. तेव्हां दोष खोलींत होता. मधोमध उभें राहून टाळी वाजविली तेव्हां तिचें शेपूट बराच वेळ हालत राहिलें.

या विषयाचा उगम मोठा मनोरंजक आहे. १८९५ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द कोणालाच कळेना. तो दोष दूर करण्याचें काम वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकावर सोंपविलें. त्यानें रात्रीं, सर्वत्र सामसूम असतां, शेजारच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी, आणि आवाज किती सेकंदांनीं विरतो तें घड्याळावर मोजावें. गाद्या वाढवाव्या, पुन्हा मोजावें. यांतून त्याचा नियम निघाला: खोली जितकी मोठी तितका घुमार अधिक, आवाज शोषणारे पदार्थ जितके अधिक तितका तो कमी. शोषणाचें माप त्यानें उघडी खिडकी हें धरिलें, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परतत नाहीं.

आमच्या खोलीचें गणित पुतण्यानें मांडलें. भिंती, छत व फरशी मिळून एक हजार बत्तीस चौरस फूट. साधा गिलावा शेंकडा तीनच आवाज गिळतो. म्हणजे उघडी खिडकी जेमतेम एकतीस चौरस फुटांची. घुमार सव्वातीन सेकंदांवर गेला. बोलणें स्पष्ट कळावयास तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे आणखी पावणेदोनशें फूट "खिडकी" कोठून तरी आणावयास हवी. बाजारांत तयार फळ्या मिळतात; त्यांची किंमत ऐकून वहिनींनीं वही मिटली. अंड्यांचे पुठ्ठे चिकटवावे अशीहि एक सूचना आली, पण ते आवाज फारसे शोषीत नाहींत आणि पेटतात मात्र चटकन्.

आणि शोषून घेणारा पदार्थ तर आम्हींच खोलीबाहेर काढून ओसरीवर टाकला होता. आपला मुलूख कापसाचा. जुन्या घरांत दुसरें कांहीं नसलें तरी कापूस असतोच. त्या ढिगांत आईनें शिवलेल्या सहा जाड गोधड्या होत्या, प्रत्येकी सहा फूट बाय चार. नानांचीं जुनीं धोतरें आणि आईचीं लुगडीं यांच्या त्या. धाकट्या बंधूंनीं उत्साहाच्या भरांत हातोडी व खिळे आणले सुद्धां.

आई दारांत उभी होती. "खिळे ठोकणार?" एवढेंच ती म्हणाली.

आम्हीं हातोडी खालीं ठेवली. तिला विचारावयास हवें होतें, आणि खोली रिकामी केली तेव्हांच विचारावयास हवें होतें. नाना गेल्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत त्या गोधड्या तिनें शिवल्या होत्या. आम्हीं त्या ढीग म्हणून मोजल्या. तिनें रात्रभर विचार केला असावा. सकाळीं अट घातली ती अशी: गोधडीला भोंक पडतां कामा नये, वरच्या कांठाला पट्टीचे फांस शिवून ती दांडीवर अडकवावी, म्हणजे पाहुणे आले कीं काढतां येईल. फांस तिनें स्वतः शिवले. याचा एक फायदा आम्हांस मागाहून समजला. भिंतीला चिकटून लावण्यापेक्षां दोनतीन इंच अंतरावर टांगलेली गोधडी आवाज अधिक चांगला शोषते.

खालचे घुमणारे स्वर मात्र गोधडीस दाद देत नाहींत. त्यांसाठीं पिंजाऱ्याकडून जुना कापूस पिंजून घेऊन दोन गाद्या भरविल्या आणि गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. विजेच्या तारा व प्रोजेक्टर यांपासून हा सर्व कापूस दूर ठेवला. स्पीकरांच्या बाबतींतहि बेत बदलला. मागचे दोन रद्द केले आणि मधला, ज्यांतून संवाद येतात तो, चांगला घेतला. गांव सोडून जाणाऱ्या एका गृहस्थांकडून ॲम्प्लिफायरसह हा संच एकवीस हजारांस मिळाला. विद्युत्‌काम साडेसहा हजार, रंग व सुतारी पांच हजार, कापड व पिंजणावळ अठ्ठेचाळीसशें. बुडालेले तीन हजार धरून बेरीज शहाऐंशी हजार तीनशें झाली.

होळीच्या आदल्या रात्रीं पुन्हा तोच चित्रपट लावला. आईला मधल्या स्पीकरासमोर दहा फुटांवर बसविलें. कोणी तिच्याकडे पाहूं नये असें ठरलें होतें, आणि सर्वजण तिच्याकडेच पाहत होते. तुकारामांच्या पत्नीचा एक ठसकेबाज संवाद आला आणि आई आमच्याआधीं हंसली. नंतर नात मध्येंच बोलूं लागली तेव्हां आजीनें तिला गप्प केलें.

उन्हाळ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. कूलर लावला तर संवाद बुडतात, न लावला तर नागपुराकडचा मे महिना माणसें शिजवून काढतो. उरलेल्या सदतीसशेंत वातानुकूलन यंत्राचा एखादा कोपराहि येणार नाहीं. तूर्त कूलर बोळांत ठेवून वारा झडपेतून आंत घेतला आहे, त्यानें निम्मा आवाज कमी झाला. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत खेळ बंद राहतो. त्या आठ दिवसांत गोधड्या गच्चीवर उन्हांत असतात आणि आई खुर्ची टाकून, कोठें टांका उसवला आहे तें पाहत बसते.