शेऱ्याचा रकाना

धाराशिव,
कार्तिक वद्य द्वितीया

चि. ताई हीस,


तुझे पत्र परवा पोचले. भूम तालुक्यातील शाळेवर रुजू होऊन तुला जेमतेम पाच महिने होत आहेत, आणि दुसरीच्या तेवीस मुलांच्या प्रथम सत्राच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना लेखणी अडली असता शेजारच्या वर्गाच्या गुरुजींनी तयार वाक्यांची पुस्तिका पुढे केली, ती वापरावी की न वापरावी, असे तू विचारतेस. प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्या एका रकान्याविषयी मला माझ्या सबंध नोकरीत सर्वांत अधिक खंत वाटते तो नेमका हाच असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा गावोगाव त्यास ‘ढकलपास’ हे नाव पडले. पण निर्णयातील गुणांची वाटणी ज्याने नीट वाचली त्याच्या ध्यानात येईल की पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचे सत्तर आणि संकलिताचे अवघे तीस गुण ठेवून शासनाने बहुतांश निकाल प्रश्नपत्रिकेच्या हातून काढून शिक्षकाच्या डोळ्यांकडे सोपविला आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही सारी साधने पाहण्याचीच आहेत. आणि ज्याने पाहिले नाही त्याला या सत्तर गुणांत लिहिण्याजोगे काही उरत नाही. एकसष्ट ते सत्तर गुणांस ‘ब-२’ ही श्रेणी देता येते, परंतु ते मूल त्या पायरीवर कसे चढले आणि कोठे दम घेत उभे आहे हे श्रेणीत मावत नाही, म्हणून तर शेजारी शेऱ्याचा रकाना आहे.

दुसरीचे वर्ष फार मोलाचे आहे, ताई. ‘असर’ या देशभरच्या शैक्षणिक पाहणीत आठवीच्या मुलापुढेदेखील वाचावयास जो सर्वांत कठीण उतारा ठेवतात तो दुसरीच्या पातळीचा असतो, म्हणजे या देशाने वाचता येण्याची खूणगाठ याच इयत्तेला बांधली आहे. निपुण अभियानाने दुसरीअखेर मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द समजून वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात असे लक्ष्य घातले आहे. घड्याळ लावून शब्द मोजताना त्यातील ‘समजून’ हा शब्द तेवढा विसरू नकोस.

आता माझी गोष्ट सांगतो. एका शाळेत मी दुसरीस श्रुतलेखन घेत असताना ‘त्रेसष्ट’ म्हटले आणि एका मुलाने ३६ लिहिले. मी तांबडी फुली मारली. पुढच्या खेपेस ‘छत्तीस’ म्हटले, त्याने ६३ लिहिले, पुन्हा फुली. त्याच दिवशी मधल्या सुटीत तो शहाबादी फरशीवर चिंचोके मांडून बसला होता. वीस-वीसचे तीन ढीग, आणि उरलेले तीन चिंचोके त्याने डाव्या मुठीत धरले होते. किती झाले, असे विचारताच तो मान वर न करता म्हणाला, “तीन विसा आन् तीन.” हे त्याच्या आजीचे मोजणे होते, आणि ते अचूक होते. मी ऐकले, हसलो, आणि वर्गात परत गेलो. सत्रअखेरीस तशाच एका पुस्तिकेतून उतरवून घेतले : ‘संख्याज्ञानात सुधारणा आवश्यक.’ सही केली.

पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत त्याचे पडसाद उमटले, हे तुला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की आपल्या संख्यानामांत आधी एकक उच्चारला जातो आणि लिहिताना मात्र दशक आधी येतो, शिवाय जोडाक्षरांचे ओझे निराळेच. मूल चुकते ते या उलटापालटीत. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती डावी मूठ आली. त्याने ‘त्रे’ ऐकले, तीन लिहिला. ‘सष्ट’ ऐकले, सहा लिहिला. कानाशी तो प्रामाणिकच होता! आपल्या जिल्ह्याच्या टोकाला, उमरग्यापलीकडच्या कानडी मुलखात एकवीसला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एकच, म्हणतात आणि तेथील पोरांना हा घोटाळा ठाऊक नसतो. ‘त्रेसष्ट’ हा शब्द भाषेतून जावा असे मला मुळीच वाटत नाही, तो आपला आहे. परंतु त्या वर्षी जी टवाळी झाली ती ज्यांनी केली त्यांतील किती जण दुसरीच्या मुलाशेजारी फरशीवर बसले होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मला चूक दुरुस्त करता आली नाही. दिवाळी होताच मुकादमाची उचल घेतलेले त्याचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागले, आजी थकलेली, हंगामी वसतिगृहात त्याचे नाव लागले नाही, आणि तो टोळीबरोबर गेला. गुढीपाडव्यानंतर तो परतेल म्हणून वाट पाहिली. परतला तो दुसऱ्याच गावी. नोंदवही दप्तरी दाखल झाली. ‘तीन विसा व तीन असे गट करून अचूक मोजतो, ऐकलेली संख्या लिहिताना स्थाने बदलतात’ एवढे एक वाक्य त्यात असते, तर पुढच्या शिक्षकाला कोठून आरंभ करायचा हे कळले असते.

म्हणून ती पुस्तिका परत देऊन टाक. तेवीस वाक्ये एका बैठकीत लिहू नकोस. रोज दोघा मुलांकडे पाहा आणि सायंकाळी दोन ओळी लिही, ओळ ओबडधोबड झाली तरी चालेल.

तुझ्या शाळेतील ज्या तिघी बहिणी गेल्या आठवड्यात टोळीबरोबर गेल्या असे तू लिहितेस, त्यांपैकी दुसरीतल्या मुलीची पाने कोरी ठेवून केवळ ‘स्थलांतरित’ असा शेरा मारू नकोस. जूनपासून दिवाळीपर्यंत तू तिला पाहिले आहेस, तेवढे लिही. शिक्षण हमी पत्रक तिच्या आईजवळ दिले होतेस ना? नसल्यास मुकादमाच्या फोनवरून पत्ता घेऊन ते पाठव. आणि ती काय मोजत असे, कशी मोजत असे, ते मला पुढील पत्रात अवश्य कळव.

तुझी आई तिळाची चटणी करून ठेवते आहे. येत्या रविवारी कोणी भूमकडे येणारे असेल तर त्यांच्याबरोबर धाडीन.

तुझे,
बाबा