फाडून टाक तो फोटो

आजीचा शेवटचा फोटो पेन्शनच्या कागदांसाठी काढला होता. तो पाहून ती बाबांना म्हणाली, "ही मी नव्हे. फाडून टाक." बाबा "बरं" म्हणाले आणि फोटो डायरीत ठेवून दिला. ती गेल्यावर दोन वर्षांनी तो माझ्या हाती लागला.

तेव्हा मला पॅरिसच्या नादारची गोष्ट आठवली. नादार आधी व्यंगचित्रकार होता, मग १८५०च्या दशकात त्याने फोटोस्टुडिओ काढला. इतर स्टुडिओंत खोटे खांब आणि झालरीचे पडदे मांडून गिऱ्हाइकाला उभं करत. नादार मागे साधा पडदा ठेवी आणि समोरच्याला बोलतं करी. काचेवरचा रसायनाचा थर ओला असतानाच फोटो घ्यावा लागे आणि काही सेकंद हलायची सोय नसे. कोरो, दोमिए, माने हे चित्रकार त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गेले.

१८५८ मध्ये युजीन देलाक्रुआ आला. साठीचा, नावाजलेला चित्रकार. फोटोग्राफीचं त्याला वावडं नव्हतं. १८५१ साली पॅरिसमध्ये निघालेल्या फोटोग्राफीच्या संस्थेच्या संस्थापकांत तो होता, फोटो समोर ठेवून रेखाटनंही करी. पण स्वतःचा फोटो पाहून तो धास्तावला. प्रती आणि मूळ काच, दोन्ही नष्ट करा, अशी त्याने नादारला पत्राने कळकळीची विनंती केली.

तो फोटो आजही आहे. मिटलेले ओठ, रोखलेली नजर, थकलेला पण करारी चेहरा. देलाक्रुआने तरुणपणी स्वतःचं चित्र रंगवलं होतं. त्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे त्याच्या हातात होतं. इथे नव्हतं.

आजीचंही तसंच. भिंतीवरचा फोटो तिने स्वतः निवडलेला. त्यात गाल गुळगुळीत, नथ ठसठशीत. डायरीतल्या फोटोत गाल बसलेले, पदर घसरलेला, पण मला रागे भरताना दिसायचे ते डोळे नेमके तिथेच आहेत.

बाबांना विचारलं, "तुम्ही फाडला का नाही?" ते म्हणाले, "हात झाला नाही." थोडं थांबून म्हणाले, "पण तिला फसवलंच म्हणायचं."

आपण मोबाईलवर नको तो फोटो क्षणात पुसून टाकतो. हा मला फाडवत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. या अंकासाठी आजीचा फोटो मागितला, तेव्हा मी भिंतीवरचाच दिला.