स्प्रिंग टाकली, पुढे काय?

आमच्या रोहा-धाटाव भागात 'स्टेंट' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. "अमक्याला स्प्रिंग टाकली" असेच म्हणतात. पूर्वी ही बातमी साठीच्या पुढच्या माणसाची असे. आता चाळिशीतल्या, कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाचीही असते. बातमी ऐकून लोक "अल्लाहचा शुक्र, वाचला" म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे आहे. स्प्रिंग टाकली म्हणजे आजार संपला, ही समजूत आपल्या मोहल्ल्यांत खोल रुजली आहे आणि ती जिवावर बेतू शकते.

माझी सारी नोकरी धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात गेली. पाइपलाइन चोक होणे, आतून क्षार धरणे, ती खोलून साफ करणे, हेच माझे काम. त्यामुळे डिसेंबर २०१७ मध्ये जेव्हा माझ्याच हृदयाची लाइन चोक झाली, तेव्हा डॉक्टरांनी काढलेले चित्र मला लगेच समजले. पण एक फरक त्यांनी ठासून सांगितला. आम्ही पाइप साफ करतो तशी रक्तवाहिनी साफ होत नाही. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. अरुंद जागी छोटा फुगा फुगवतात. त्या फुग्यावर मिटवून बसवलेली धातूची जाळी उघडते आणि भिंतीला टेकून राहते. फुगा परत येतो, जाळी आत राहते. चरबीचा थर काढला जात नाही, तो भिंतीकडे दाबला जातो. माणूस शुद्धीवर असतो, फक्त नळी घालतात ती जागा बधिर करतात. साधी केस असेल तर तासाभरात काम आटोपते.

या विद्येला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नुसत्या फुग्याने पहिली अँजिओप्लास्टी केली. पहिली जाळी १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे बसवली गेली. आपल्याकडे १९९०च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांनी कमी खर्चाची देशी जाळी तयार केली. ती 'कलाम-राजू स्टेंट' म्हणून ओळखली जाते. क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या माणसाला गरिबाच्या हृदयाचाही विचार सुचला, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता आपल्या भागापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे झाले की आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक, "गॅस आहे, सोडा घे" म्हणून सकाळची वाट पाहणे. दुसरे, गावातला दवाखाना टाळून गाडी थेट मुंबईकडे पळवणे. दोन्हींत धोका आहे. नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल हा रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको. पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि ते रखडण्यात किती वर्षे गेली ते आपण पाहिलेच आहे. मोठ्या झटक्यात शास्त्राचा नियम असा आहे की डॉक्टरांची गाठ पडल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग पुढे पाठवावे. हे इंजेक्शन पहिल्या बारा तासांतच उपयोगी पडते आणि जितके लवकर तितके चांगले. म्हणून १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढा. रोह्यात त्या रात्री मला इंजेक्शन मिळाले, दुसऱ्या दिवशी नवी मुंबईत जाळी बसली. हृदयाचा बराच भाग वाचला तो त्या पहिल्या इंजेक्शनामुळे, असे तिथल्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

झटका आलेला असताना जाळी जीव वाचवते, यात वाद नाही. पण झटका आलेला नाही, फक्त चढ चढताना छाती भरते आणि तपासणीत "सत्तर टक्के ब्लॉक" निघाला, तर गोष्ट वेगळी. अशा स्थिर रुग्णांवर ३७ देशांत झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात ५,१७९ रुग्ण होते. नीट औषधे घेणारे आणि औषधांसोबत जाळी किंवा बायपास करून घेणारे, यांच्यात मृत्यू वा झटक्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. छातीतले दुखणे मात्र जाळी-बायपासवाल्यांचे अधिक कमी झाले. डाव्या मुख्य धमनीत अडथळा असलेले किंवा हृदयाचे पंपिंग फार कमी झालेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, त्यांचा हिशेब निराळा. तेव्हा टेबलावर झोपण्यापूर्वी अदबीने पण स्पष्ट विचारावे: "डॉक्टरसाहेब, हे आजच करायला हवे का? आधी औषधांनी भागेल का? बायपास बरा की जाळी?" मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर तेही आधी सांगावे, कारण नळीतून सोडतात ते रंगद्रव्य मूत्रपिंडाला जड जाऊ शकते.

बायपासचा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. माझ्या मोठ्या आपाला मधुमेह. तिच्या छातीत कधी दुखलेच नाही. दम लागायचा, थकवा यायचा, मळमळायचे. घरात लग्नाची धामधूम होती, ती कुणाला बोलली नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हृदयविकार असा आवाज न करता येतो, हे आपल्या घरांतल्या पुरुषांनी तरी जाणून घ्यायला हवे. तपासणीत तिच्या तिन्ही वाहिन्या अरुंद निघाल्या. भाचा कतारहून फोनवर म्हणत होता, "मामू, तीन स्प्रिंगा टाकून घ्या, पैशाची फिकीर करू नका." डॉक्टरांनी मात्र बायपास सुचवला. मधुमेह आणि अनेक वाहिन्यांत अडथळे असतील तर बहुतेक वेळा तोच टिकाऊ ठरतो. आपा आज सुखरूप आहे.

पैशाचेही जाणून घ्यावे. एके काळी औषधाचा लेप असलेल्या जाळीला रुग्णाकडून लाखाच्या वर घेतले जात. दिल्लीचे वकील बिरेंदर सांगवान यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१६ साली जाळीचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कमाल किंमत बांधली: साध्या जाळीला ७,२६० रुपये, लेपाच्या जाळीला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्यानंतर हे आकडे वेळोवेळी बदलले, पण मर्यादा कायम आहे. बिलात जाळीची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर स्वतंत्र लिहिलेला असला पाहिजे. ध्यानात ठेवा, मर्यादा जाळीला आहे. खोली, फुगा, डॉक्टरांची फी यांना नाही. म्हणून पूर्ण अंदाजपत्रक आधी मागावे. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते ती योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. तिच्यात अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटावे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जाळी ही शरीराला परकी वस्तू. तिच्यावर आतल्या त्वचेचे अस्तर चढायला काही महिने लागतात. आमच्या भाषेत सांगायचे तर पाइपाला लायनिंग लागायचे असते. तोवर रक्त त्या धातूवर गोठू पाहते. ते गोठू नये म्हणून दोन गोळ्या देतात: ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. झटक्यानंतर साधारण वर्षभर, स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने. नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात. पुढेही एक गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा कायमची. मध्येच गोळ्या बंद केल्या तर जाळी अचानक बंद पडू शकते आणि तो झटका पहिल्यापेक्षा घातक ठरतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दाढ काढायची म्हणून, कुणाला न विचारता, दोन्ही गोळ्या थांबवल्या. आठवडाभरात जनाजा उठला. दाताच्या डॉक्टरांना जाळीबद्दल सांगावे, जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने काही थांबवू नये.

गोळ्या सुटण्याचे आणखी एक निमित्त आपल्याकडे असते, ते म्हणजे रमजान. २०१८चे रोजे १७ मेपासून सुरू झाले तेव्हा माझ्या जाळीला सहा महिनेही झाले नव्हते. डॉक्टर "यंदा नाही" म्हणाले. पेशइमाम साहेबांना विचारले. आजारी माणसाने रोजे दुसऱ्या दिवसांत पुरे करावेत, ही सवलत खुद्द सूरह बकरात आहे, असे त्यांनी समजावले. तरी मन मानत नव्हते. दहा वर्षांचा नातू रोजा ठेवतो आणि दादा दुपारी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतो, याची लाज वाटायची. पुढच्या थंडीत, दिवस लहान असताना, डॉक्टरांना दाखवून मी ते रोजे कजा केले. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात त्यांनी गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारीनुसार आधीच बांधून घ्याव्यात. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीच्या बाबतीत हे विशेष पाहावे.

लसूण, आले, लिंबू, सिरका आणि मधाचा काढा ब्लॉक उघडतो, असे मोहल्ल्यातून छातीठोकपणे सांगितले जाते. त्याने साचलेला थर निघतो असे सिद्ध झालेले नाही. हिजामा करण्याआधीही डॉक्टरांना विचारावे, कारण या गोळ्यांनी रक्तस्राव लवकर थांबत नाही. विडी-सिगरेट, तंबाखू, मिश्री सोडल्याशिवाय आणि सुकी मच्छी, पापड, लोणचे यांवर हात आखडल्याशिवाय दुसरी वाहिनी भरायला वेळ लागत नाही.

शेवटी जमातीच्या मंडळींना एक विनंती. ऑपरेशन निघाले की आपल्याकडे जुम्याला आवाहन होते, रक्कम उभी राहते, कुणी दागिना मोडतो. पण ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात गोळ्या संपल्या, म्हणून गरीब माणूस कुणापुढे हात पसरत नाही. तो गोळ्याच बंद करतो. जनऔषधी दुकानांत याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. प्रत्येक मोहल्ल्याने आपल्या भागातल्या गरजू हृदयरुग्णांची यादी करावी आणि जकातीतून त्यांच्या वर्षभराच्या गोळ्यांची सोय लावावी. नावे जाहीर करू नयेत, पाकीट घरपोच द्यावे.