ब्याऐंशी वर्षांनी मिळालेले कांस्य

जॉर्ज आंद्रे या फ्रेंच कर्लिंगपटूची ऑलिंपिकमधील कर्लिंगची कारकीर्द सांगायला एक वाक्य पुरते: त्याचा संघ दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला. तरीही ऑलिंपिक पदकविजेत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. नोंद आणि घटना यांच्यामध्ये किती वर्षे जाऊ शकतात, हे समजावून सांगायचे झाले की मला हाच माणूस आठवतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे रौप्यपदक मिळवणारा, १९२४ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये खेळाडूंच्या वतीने शपथ घेणारा आणि १९४३ साली ट्युनिशियात युद्धात मरण पावलेला झेओ आंद्रे तो वेगळा. त्याचेही पाळण्यातले नाव जॉर्जच. आपला आंद्रे त्याच वर्षीच्या जानेवारीत, मॉं ब्लांच्या पायथ्याशी शामोनी येथे, उघड्या आभाळाखालच्या बर्फावर दगड सरकवत होता.

दगड हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. कर्लिंगमध्ये सुमारे वीस किलोचा, मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून दूरच्या वर्तुळाकडे सोडतात. सहकारी त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत जातात, म्हणजे दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. प्रत्येक फेरीअखेर ज्याचा दगड केंद्राला सर्वांत जवळ, गुण फक्त त्याच संघाला. खेळ मूळचा स्कॉटलंडचा, आणि शामोनीला ब्रिटनच्या नावाने उतरलेला संघही स्कॉटिशच होता. विली जॅक्सन आणि त्याचा मुलगा लॉरेन्स हे दोघेही त्यात होते.

या संघाने स्वीडनला ३८-७ असे हरवले आणि फ्रान्सला ४६-४ असे. फ्रान्सचे चार गुण वरच्या नियमाशी ताडून पाहा: आंद्रे, कुर्नोले, कानिव्हे आणि इझाक-बेनेदिक यांच्या संघाला त्या संपूर्ण सामन्यात फार तर चार फेऱ्या जिंकता आल्या. स्वीडननेही त्यांना हरवले. मैदानात संघ तीनच, कारण स्वित्झर्लंडने माघार घेतली होती. म्हणजे तिघांत तिसरा क्रमांक. याला पदक म्हणायचे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. जो संघ आला नाही, त्याला ४६-४ चा अपमानही सोसावा लागला नाही.

परंतु ते पदक तेव्हा नीटसे पदक ठरलेच नाही. मुळात शामोनीचा तो सोहळा ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ या नावाने भरला होता. त्याला पहिले हिवाळी ऑलिंपिक ही मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९२६ साली, मागाहून दिली. सप्ताहाला ऑलिंपिकचे नाव मिळाले, पण कर्लिंग मात्र पुढे बहुतेक ग्रंथांत केवळ ‘प्रदर्शनीय खेळ’ म्हणून नोंदले गेले. प्रदर्शनीय खेळाची पदके कोणी मोजत नाही. १९९८ साली नागानोत कर्लिंग अधिकृतपणे खेळवले गेले, तेव्हा ते पहिल्यांदाच घडते आहे असा सार्वत्रिक समज होता.

ग्लासगोच्या ‘हेरल्ड’ या वृत्तपत्राने त्या स्कॉटिश खेळाडूंच्या कुटुंबीयांच्या वतीने दाद मागितली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये, तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकच्या सुमारास, समितीने निर्वाळा दिला: १९२४ चे कर्लिंग अधिकृतच होते. आपण याला वरातीमागून घोडे म्हणू. पण हे घोडे यायला ब्याऐंशी वर्षे लागली होती.

गंमत अशी की लढा होता तो स्कॉटिश सुवर्णासाठी. स्वीडनचे रौप्य आणि फ्रान्सचे कांस्य त्याच निकालात ओघाने आले. दोन सामने हरलेला आंद्रे अशा रीतीने, ज्यांनी त्याला ४६-४ ने धूळ चारली त्यांच्याच वारसांच्या खटपटीमुळे, पदकविजेता झाला.

तेव्हा वाचनालयातल्या एखाद्या जुन्या क्रीडाकोशात शामोनीच्या तक्त्यात फ्रान्सचे हे कांस्य दिसले नाही, तर ती छपाईची चूक समजू नका. आधी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहा.