दिवा लागतो, पण ओळख पटत नाही

लॅपटॉपच्या पोर्टात काही लावलं आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो: 'मदरबोर्ड गेला.' परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी या निकालाचा अर्थ होतो बार्शीची फेरी, दोन-चार दिवस मशीन दुकानात आणि वर सांगतील ती रक्कम. त्याआधी दोष कुठे आहे हे बऱ्याचदा घरीच कळतं. पोर्टात काय घडतं, तेवढं मात्र माहीत हवं.

यूएसबी 1996 साली आलं. त्याच्या साध्या प्लगमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. विजेच्या पट्ट्या किंचित लांब असतात, म्हणून आधी पाच व्होल्टची वीज पोचते. मग उपकरण माहितीच्या एका तारेवरचं व्होल्टेज वर खेचतं. त्यावरून लॅपटॉपला कळतं, कुणीतरी आलंय. तो विचारतो, कोण? उपकरण आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगतं. त्यावरून ड्रायव्हर शोधला जातो.

म्हणजे उपकरणाचा दिवा लागला, तर फक्त वीज पोचली एवढंच सिद्ध होतं. 'अननोन डिव्हाइस' दिसलं, तर चाहूल लागली पण नाव नीट ऐकू आलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावापुढे पिवळा त्रिकोण असेल, तर अडचण बहुधा ड्रायव्हरची.

आमच्या शेजारचे मामू एसटीत चालक होते. त्यांना ईपीएस-95 ची पेन्शन आहे. रक्कम थोडी, पण बीपी-शुगरच्या गोळ्या त्यातूनच येतात. हयातीचा दाखला दर वर्षी नव्याने द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. 2014 पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो बोटाच्या ठशावर घरबसल्या होतो. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण ते ॲप माझ्या फोनवर चालेना. मुदत दोन दिवसांवर आली होती. ठशाचं मशीन लावलं, दिवा लागला, लॅपटॉप मात्र गप्प. माझ्या लॅपटॉपला पोर्टं दोनच, त्यातलं एक आधीच निकामी.

पहिली तपासणी उपकरणाची. ते पुतण्याच्या कॉम्प्युटरला लावलं, लगेच ओळखलं गेलं. म्हणजे मशीन आणि त्याची वायर ठीक. दुसरी पोर्टाची. तिथे माउस लावला. त्याचाही दिवा लागला, बाण हलेना. तिसरी विंडोजची. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. उरलेला विद्युतभार निघून गेला की अडकलेलं पोर्ट कधी कधी सुटतं. आमचं सुटलं नाही. मग बाहेरचा कीबोर्ड लावून थेट बायोसमध्ये गेलो. तिथे विंडोज चालूच नसते, तरी कीबोर्ड मुकाच. दोष पोर्टातच होता.

बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर मधल्या दोन पट्ट्यांवर पिशवीच्या अस्तराचा धागा धुळीसकट घट्ट बसलेला. वीज जात होती, बोलणं अडत होतं. लॅपटॉप बंद ठेवून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढला. सुई किंवा पिन घालू नये. पट्ट्या वाकतात, शॉर्ट होण्याची भीती असते.

माउस हलला. मग आरडी सर्व्हिस सुरू केली. ती नसेल तर ठशाचं मशीन दिसूनही आधारचं काम होत नाही. स्टिअरिंगवर घासलेला अंगठा दोनदा नापास झाला, मधलं बोट पास झालं. मामूंनी विचारलं, "मानी क्या मशीन, मैं जिंदा हूं करके?"

बायोसमध्ये कीबोर्ड चालला, पण विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढा. तरीही नाही जमलं, तर ते हब अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. विंडोज ते पुन्हा बसवते.

पोर्ट साफ असूनही मुकंच राहिलं किंवा प्लग हलवल्यावर चालू-बंद होत असेल, तर दुकान गाठावंच लागेल. तिथे केलेल्या तपासण्या क्रमाने सांगा आणि विचारा, फक्त पोर्ट बदलून भागेल का? अनेकदा भागतं. पूर्ण बोर्डाचा खर्च वाचतो.